मातृलसीकरण

मातृलसीकरण : गर्भिणी किंवा स्तनदा स्त्रीस लस टोचून तिचे, तिच्या उदरातील गर्भाचे व जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत अर्भकाचे संसर्गजन्य रोगांपासून रक्षण करण्याच्या उपायास ‘मातृलसीकरण’ म्हणतात. नवजात अर्भकाची स्वतःची प्रतिरक्षा यंत्रणा अपरिपक्व असते. बालकांना द्यावयाच्या बहुतेक लशी सहाव्या आठवड्यानंतर सुरू होतात व त्यांचा पुरेसा परिणाम दिसण्यास आणखी काही आठवडे जातात. या मधल्या काळात मातेकडून मिळालेली उसनी प्रतिरक्षा हाच अर्भकाचा मुख्य आधार असतो. हा आधार लशीने बळकट करता येतो, ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रथम मांडली गेली. ती सार्वत्रिक व्यवहारात येण्यास मात्र जवळजवळ शंभर वर्षे लागली. लशीने गर्भास अपाय होईल ही भीती आणि लस न दिल्याने माता व मूल दोघेही दगावतील ही भीती, अशा दोन भीतींमधील ओढाताण या विषयाच्या इतिहासात सतत आढळते.

प्रारंभीची निरीक्षणे : एडवर्ड जेन्नर (१७४९–१८२३) यांनी १७९६ मध्ये गोस्तन देवीच्या फोडातील द्रव टोचून देवीपासून संरक्षण मिळते, हे दाखविले आणि १७९८ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ही लस बगदाद व बसरा या मार्गाने मुंबईस पोहोचली आणि १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस ती यशस्वी रीत्या टोचण्यात आली. भारतातील लसीकरणाची सुरुवात या घटनेपासून मानतात. त्या काळी एकाच्या दंडावरील फोडातून दुसऱ्याच्या दंडात अशी लस पुढे नेली जाई. गर्भिणींच्या बाबतीत देवीचा रोग विशेष भयंकर असतो, हे वैद्यांना अनुभवाने माहीत होते. गर्भपात, मृत बालकाचा जन्म आणि त्वचेखाली रक्तस्राव होऊन येणारा मृत्यू हे प्रकार त्यांच्यात अधिक प्रमाणात दिसत. मद्रास येथील संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयात ए. आर. राव यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास केलेल्या तपशीलवार अभ्यासातही, देवीचा रक्तस्रावी प्रकार गर्भिणींमध्ये इतरांपेक्षा बराच अधिक आढळतो, असे दिसून आले.

गर्भिणीस टोचलेल्या लशीचा लाभ मुलासही होतो काय, या प्रश्नाकडे १८७९ मध्ये बर्कहार्ट यांनी लक्ष वेधले. गर्भारपणात देवीची लस टोचलेल्या स्त्रियांच्या नवजात मुलांना लस टोचली असता पुष्कळांच्या बाबतीत ती ‘धरत’ नाही, म्हणजे मुलास आधीच काही प्रतिरक्षा लाभलेली असते, असे त्यांना आढळले. याच लशीचा एक दुर्मिळ धोकाही पुढे लक्षात आला. लशीतील जिवंत व्हायरस क्वचित वारेतून गर्भापर्यंत पोहोचून त्यास संसर्ग करी व असा गर्भ बहुधा दगावे. जगभरच्या वैद्यकीय वाङ्मयात अशा सुमारे पन्नासच घटना नोंदलेल्या आहेत. त्यामुळे देवीची साथ नसताना गर्भिणीस ही लस देऊ नये, पण रोग्याशी संपर्क आल्यास अवश्य द्यावी, असा दुहेरी नियम रूढ झाला. पुढील काळातील बहुतेक सर्व नियमांचा साचा हाच आहे. [→ देवी].

वार व स्तन्य यांमार्फत होणारे संक्रमण : बर्कहार्ट यांच्या निरीक्षणामागील कारणाचा उलगडा पाऊल एर्लिख (१८५४–१९१५) यांनी केला. १८९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत त्यांनी काही माद्या उंदरांना रायसीन व ॲब्रिन या वनस्पतिज विषांविरुद्ध प्रतिरक्षित केले आणि त्यांची पिले व साध्या माद्यांची पिले यांची जन्मानंतर अदलाबदल केली. प्रतिरक्षित मादीचे दूध प्यालेल्या परक्या पिलांनाही विषापासून संरक्षण मिळाले. ही प्रतिरक्षा पित्याकडून कधीच येत नाही. म्हणजेच ती आनुवंशिक नसते. ती मातेच्या रक्तातून व दुधातून पिलात उतरते आणि काही काळाने ओसरते. सक्रिय व निष्क्रिय प्रतिरक्षा यांतील भेद या प्रयोगांमुळे स्पष्ट झाला.

प्राण्यांमध्ये या संक्रमणाच्या रीती भिन्न असतात. गाय, म्हैस, शेळी इ. रवंथ करणाऱ्या प्राण्यांत वारेतून प्रतिपिंडे गर्भाकडे जात नाहीत. वासरास ती सर्वस्वी चिकातून व तीही पहिल्या सुमारे चोवीस तासांतच मिळतात. ज्या चिकापासून घरोघरी खरवस करतात तो चीक वासरास मुळीच न मिळाल्यास ते सहज रोगास बळी पडते, याचे कारण हेच. मानवात मात्र रक्तातील प्रतिपिंडे मुख्यत्वे वारेतूनच जातात. गॅमा ग्लोब्युलिन जी या प्रकारची प्रतिपिंडे गर्भारपणाच्या सुमारे तेराव्या आठवड्यापासून वार ओलांडू लागतात. शेवटच्या चार ते सहा आठवड्यांत त्यांचे प्रमाण झपाट्याने वाढते आणि पूर्ण दिवसांच्या मुलाच्या नाळेतील रक्तात ती मातेच्या रक्तापेक्षाही काहीशी अधिक असू शकतात. मुदतपूर्व जन्मलेले मूल या देणगीच्या मोठ्या भागास मुकते.

वार ही साधी गाळणी नसून प्रतिपिंडे निवडून वाहून नेणारे इंद्रिय आहे, ही कल्पना वेल्समधील बँगोर येथील एफ. डब्ल्यू. रॉजर्स ब्रँबेल (१९०१–७०) व त्यांचे सहकारी यांनी १९५० नंतरच्या दशकात मांडली. प्रतिपिंडांना धरून ठेवणारे विशिष्ट ग्राही प्रथिन पेशींवर असले पाहिजे, हे त्यांचे अनुमान होते. त्या ग्राहीची जनुकीय ओळख १९८९ मध्ये पटली. स्तन्याच्या बाबतीत स्वीडनमधील लार्स हान्सन यांनी १९६१ मध्ये दाखविले की, त्यातील प्रमुख प्रतिपिंड ए या प्रकारचे असून त्याची घडण रक्तातील त्याच प्रकारच्या प्रतिपिंडापेक्षा वेगळी असते. हे प्रतिपिंड मुलाच्या रक्तात फारसे शोषले जात नाही. ते घसा व आतडे यांच्या श्लेष्मल पटलावर राहून सूक्ष्मजंतूंना चिकटण्यास प्रतिबंध करते. पहिल्या चिकात त्याचे प्रमाण सर्वाधिक असते. भारताच्या अनेक भागांत मातेचा पहिला चीक अशुद्ध समजून पिळून टाकण्याची चाल होती. त्या चालीमुळे अर्भकाचे किती नुकसान होई, हे या संशोधनाने स्पष्ट झाले.

मातेकडून आलेल्या प्रतिपिंडांची एक उणी बाजूही आहे. ती रक्तात असेपर्यंत मुलास दिलेल्या काही लशींचा परिणाम मंदावतो. गोवराची लस भारतात नऊ महिने पूर्ण झाल्यावर दिली जाते. त्यापूर्वी मातेची प्रतिपिंडे लशीतील व्हायरसास निष्प्रभ करण्याचा संभव असतो. [→ प्रतिरक्षाविज्ञान].

नवजाताचा धनुर्वात : मातृलसीकरणाचे सर्वांत मोठे यश नवजाताच्या धनुर्वाताच्या बाबतीत दिसून आले. अस्वच्छ विळा, सुरी किंवा बांबूची कपची यांनी नाळ कापल्यास अथवा कापलेल्या जागी शेण, राख, माती यांसारखे पदार्थ लावल्यास धनुर्वाताचे जंतू शरीरात शिरतात. जन्मानंतर दोनतीन दिवस मूल नीट दूध पिते. मग त्याचा जबडा आवळला जातो, ओढणे थांबते, आचके येतात आणि थोड्याच दिवसांत ते दगावते. अनेक देशांच्या लोकभाषांत या रोगास सातव्या किंवा आठव्या दिवसाचा रोग असेच नाव आहे. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील सेंट किल्डा या एकाकी बेटावर एकोणिसाव्या शतकात जन्मलेल्या मुलांपैकी फार मोठा भाग याच ‘आठ दिवसांच्या दुखण्याने’ जाई. प्रसूतीच्या वेळी स्वच्छता पाळली जाऊ लागल्यावरच तेथील हा मृत्यू थांबला. रोग झाल्यावर उपचारांना फारसे यश येत नसल्याने प्रतिबंध हाच खरा उपाय ठरतो.

एमिल फोन बेरिंग (१८५४–१९१७) व शिबासाबुरो किटासाटो यांनी १८९० मध्ये धनुर्वाताच्या प्रतिविषाचा शोध लावला. गास्ताँ रामाँ (१८८६–१९६३) यांनी १९२० नंतरच्या दशकात फॉर्माल्डिहाइडाच्या साहाय्याने जंतुविषापासून निरुपद्रवी पण प्रतिरक्षाजनक असे विषाभ तयार केले. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना त्याचा उत्तम उपयोग झाला. हेच विषाभ गर्भिणीस टोचल्यास मुलाचे रक्षण होईल, हे तर्कदृष्ट्या उघड असले, तरी त्याचा प्रत्यक्ष पुरावा १९६० नंतरच्या दशकात मिळाला. न्यू गिनीमधील माप्रिक या भागात स्कोफील्ड, टकर व वेस्टब्रुक यांनी केलेल्या व १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विषाभाच्या एका मात्रेने संरक्षण मिळत नाही, दोन मात्रांनी अंशतः मिळते आणि तीन मात्रांनी ते जवळजवळ पूर्ण होते, असे आढळले. नाळ कापण्याच्या रीतीत काहीही बदल झालेला नसताना हा परिणाम दिसला, हे त्यातील महत्त्वाचे होय.

यानंतर कोलंबियाच्या ग्रामीण भागात न्यूएल व त्यांचे सहकारी यांनी दीड हजारांवर स्त्रियांवर काटेकोर तुलनात्मक चाचणी घेतली. एका गटास धनुर्वात विषाभ व दुसऱ्या गटास तुलनेसाठी इन्फ्ल्यूएंझाची लस देण्यात आली. कोणास काय दिले आहे, हे टोचणाऱ्यास वा टोचून घेणाऱ्यास ठाऊक नव्हते. १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार विषाभाच्या दोन किंवा अधिक मात्रा घेतलेल्या मातांचे एकही मूल नवजात धनुर्वाताने दगावले नाही. तुलनेच्या गटात मात्र असे मृत्यू मोठ्या प्रमाणावर होतच राहिले.

तुलनेसाठी वापरलेल्या लशीनेच नवे ज्ञान मिळवून दिल्याचे एक उदाहरण बांगला देशातील मतलब येथे घडले. तेथे १९७४ मध्ये पटकीवरील लशीची चाचणी घेण्यात आली व तुलनेसाठी गर्भिणी नसलेल्या स्त्रियांना आणि मुलांना धनुर्वात–घटसर्प विषाभ टोचण्यात आले. पुढे या स्त्रियांना झालेल्या मुलांच्या नोंदी तपासताना, जन्मानंतर चौथ्या ते चौदाव्या दिवसांदरम्यान होणारे मृत्यू विषाभाच्या गटात स्पष्टपणे कमी असल्याचे दिसले. ब्लॅक, ह्यूबर व कर्लिन यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या या विश्लेषणामुळे, केवळ गर्भारपणातच नव्हे तर त्यापूर्वी टोचलेली लसही मुलाचे रक्षण करते, हे सिद्ध झाले. ज्या प्रदेशांत गर्भिणी आरोग्यकेंद्रापर्यंत पोहोचत नाहीत, तेथे प्रजननक्षम वयाच्या सर्व स्त्रियांना मोहीम काढून विषाभ टोचण्याचे धोरण यावरूनच आखण्यात आले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १९८८ मध्ये जगात सुमारे ७,८७,००० नवजात मुले धनुर्वाताने दगावली. १९८९ मध्ये जागतिक आरोग्य सभेने हा रोग १९९५ पर्यंत निर्मूलित करण्याचा ठराव केला. ती मुदत पाळता आली नाही. १९९९ मध्ये हा कार्यक्रम नव्याने हाती घेण्यात येऊन त्यात मातेच्या धनुर्वाताचाही समावेश करण्यात आला. २०१८ मध्ये नवजातांचे असे मृत्यू सुमारे २५,००० पर्यंत खाली आले होते. धनुर्वाताचे जंतू मातीत कायम राहत असल्यामुळे देवीप्रमाणे या रोगाचे समूळ उच्चाटन शक्य नाही. म्हणून प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी रोगी, ही निर्मूलनाची व्याख्या ठरविण्यात आली आहे. [→ धनुर्वात].

भारतातील कार्यक्रम : भारतात विस्तारित लसीकरण कार्यक्रम १९७८ मध्ये सुरू झाला. त्यात गर्भिणींसाठी धनुर्वात विषाभाचा समावेश १९८३ मध्ये करण्यात आला आणि १९८५ पासून सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमाद्वारे तो टप्प्याटप्प्याने सर्व जिल्ह्यांत पोहोचला. दिवस राहिल्याचे समजताच पहिली मात्रा, चार आठवड्यांनी दुसरी आणि मागील तीन वर्षांत दोन्ही मात्रा झालेल्या असल्यास एकच वर्धक मात्रा, अशी पद्धत रूढ झाली. लशीबरोबरच सुईणींचे प्रशिक्षण, स्वच्छ हात, स्वच्छ पाते, स्वच्छ दोरा इ. गोष्टींवर भर व पुढे रुग्णालयातील प्रसूतीस उत्तेजन हे उपाय योजले गेले. आंध्र प्रदेशात हे उद्दिष्ट २००३ मध्ये साध्य झाले व २०१५ मध्ये संपूर्ण भारतातून माता व नवजात यांचा धनुर्वात निर्मूलित झाल्याचे जाहीर करण्यात आले. त्यानंतर केवळ धनुर्वात विषाभाऐवजी धनुर्वात व प्रौढांस योग्य अशा अल्प मात्रेतील घटसर्प विषाभ यांचे मिश्रण वापरात आले. घटसर्पाविरुद्धची प्रतिरक्षा प्रौढपणी ओसरते, हे त्यामागील कारण होय.

या लशीस अफवांचाही सामना करावा लागला. गर्भनिरोधक लशीवरील संशोधनात, विशेषतः दिल्ली येथे जी. पी. तलवार यांच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या कामात, गर्भारपणातील एका हॉर्मोनास वाहक म्हणून धनुर्वात विषाभ जोडले जाई. ही प्रायोगिक लस सार्वत्रिक लसीकरणात कधीच वापरली गेली नव्हती. तरीही धनुर्वाताच्या लशीत वंध्यत्व आणणारे द्रव्य मिसळल्याचा समज १९९० नंतरच्या दशकात फिलिपीन्स व मेक्सिको येथे आणि २०१४ मध्ये केन्यात पसरला. केवळ स्त्रियांनाच लस का, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर लोकांना आधी न मिळाल्याने असा समज पसरण्यास वाव मिळाला.

जर्मन गोवर व सावधगिरीचा काळ : सिडनी येथील नेत्रवैद्य नॉर्मन मॅकॲलिस्टर ग्रेग (१८९२–१९६६) यांनी १९४१ मध्ये जन्मजात मोतीबिंदू असलेल्या अनेक मुलांच्या मातांना गर्भारपणाच्या प्रारंभी जर्मन गोवर (वारफोड्या) झाल्याचे निदर्शनास आणले. मातेस किरकोळ वाटणारा व्हायरसजन्य रोग गर्भास आंधळे, बहिरे किंवा हृदयविकारी करू शकतो, ही गोष्ट तोवर कोणाच्या ध्यानात आली नव्हती. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९६४-६५ च्या साथीत या विकृतींसह सुमारे २०,००० मुले जन्मास आली. दरम्यान थॅलिडोमाइड या औषधाची दुर्घटना घडली. पश्चिम जर्मनीत १९५७ मध्ये विक्रीस आलेले हे औषध गर्भिणींना मळमळीवर दिले जाई. ते नोव्हेंबर १९६१ मध्ये परत घेतले जाईपर्यंत हातापायांच्या गंभीर विकृती असलेली हजारो मुले जन्मली होती. वार गर्भाचे सर्व अपायकारक द्रव्यांपासून रक्षण करते, हा समज यामुळे कायमचा नाहीसा झाला.

या पार्श्वभूमीवर १९६९ मध्ये जर्मन गोवराची जिवंत लस उपलब्ध झाली. ज्या व्हायरसाने गर्भ विकृत होतो, त्याचाच क्षीण केलेला प्रकार गर्भिणीस देण्यास कोणीही धजले नाही. ही लस गर्भारपणात वर्ज्य ठरली व ती घेतल्यानंतर तीन महिने गर्भधारणा टाळण्याचा सल्ला देण्यात येऊ लागला. तथापि दिवस राहिल्याचे माहीत नसताना काही स्त्रियांना ती टोचली गेलीच. अशा स्त्रियांच्या नोंदी अनेक देशांत वर्षानुवर्षे ठेवण्यात आल्या. अमेरिका व यूरोपातील अशा मातांना झालेल्या सहाशेहून अधिक मुलांपैकी एकातही जन्मजात जर्मन गोवराची विकृती आढळली नाही. त्यामुळे २००१ मध्ये अमेरिकेत प्रतीक्षेचा काळ २८ दिवसांवर आणण्यात आला. लस अजूनही गर्भिणीस हेतुपुरस्सर देत नाहीत; मात्र चुकून दिली गेल्यास तेवढ्यावरून गर्भपात करण्याचे कारण नाही, असे वैद्यकीय मत स्थिर झाले आहे. अशाच प्रकारचा दिलासा फिनलंडमध्येही मिळाला. तेथे १९८५ मध्ये बालपक्षाघाताच्या साथीमुळे गर्भिणींसह बहुतेक सर्व लोकसंख्येस तोंडाने द्यावयाची जिवंत लस देण्यात आली व जन्मजात विकृतींचे प्रमाण वाढले नाही.

इन्फ्ल्यूएंझा : १९१८ च्या जागतिक साथीत गर्भिणींचे मृत्यू विलक्षण प्रमाणात झाले. हॅरिस यांनी १९१९ मध्ये अमेरिकेतील १,३५० रुग्ण गर्भिणींचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांतील २७ टक्के स्त्रिया दगावल्या होत्या. १९५७ च्या साथीत मिनेसोटा राज्यात मृत्यू पावलेल्या प्रजननक्षम वयाच्या स्त्रियांपैकी निम्म्या गर्भिणी होत्या. यावरून १९६० मध्ये अमेरिकेत गर्भिणींना निष्क्रिय केलेली इन्फ्ल्यूएंझाची लस देण्याची शिफारस झाली. पण थॅलिडोमाइडनंतरच्या वातावरणात डॉक्टर व रुग्ण दोघेही तिच्याविषयी उदासीन राहिले.

हे चित्र पुन्हा बांगला देशातील एका चाचणीने पालटले. २००४-०५ मध्ये ढाका येथे ३४० गर्भिणींवर न्यूमोकोकसविरोधी लशीची चाचणी घेण्यात आली आणि तुलनेसाठी निम्म्या स्त्रियांना इन्फ्ल्यूएंझाची लस देण्यात आली. इन्फ्ल्यूएंझाची लस घेतलेल्या मातांच्या मुलांत पहिल्या सहा महिन्यांत तपासणीने सिद्ध झालेला इन्फ्ल्यूएंझा ६३ टक्क्यांनी कमी आढळला (२००८). ज्या वयात मुलास ही लस देताच येत नाही, त्या वयातील संरक्षणाचा हा स्पष्ट पुरावा होता. २००९ मध्ये नव्या एच१ एन१ व्हायरसाची जागतिक साथ आली. भारतात या रोगाचा पहिला मृत्यू त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्यात झाला. या साथीतही गर्भिणींना तीव्र आजार होण्याचे प्रमाण अधिक आढळले. २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने इन्फ्ल्यूएंझाच्या लसीकरणात गर्भिणींना सर्वोच्च अग्रक्रम द्यावा, असे सुचविले. [→ इन्फ्ल्यूएंझा].

डांग्या खोकला : मातेस लस टोचून अर्भकाचे डांग्या खोकल्यापासून रक्षण करण्याचा प्रयत्न अमेरिकेत १९३८ मध्येच झाला होता व १९४३ मध्ये कोहेन आणि स्कॅड्रन यांनी संरक्षक प्रतिपिंडे वारेतून मुलास मिळतात, हे दाखविले होते. पुढे बालकांचेच लसीकरण सुरू झाल्यावर हा मार्ग मागे पडला. विसाव्या शतकाच्या अखेरीस अनेक देशांत नवी अकोशिकीय लस वापरात आली. तिचे संरक्षण लवकर ओसरते आणि प्रौढांकडून तान्ह्या मुलांना पुन्हा संसर्ग होऊ लागतो, असे दिसून आले. इंग्लंडमध्ये २०१२ च्या साथीत १४ अर्भके दगावली. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये तेथे गर्भिणींना ही लस देण्यास प्रारंभ झाला व तीन महिन्यांखालील मुलांत तिची परिणामकारकता सुमारे ९० टक्के असल्याचे आढळले. अमेरिकेतही २०१२ पासून प्रत्येक गर्भारपणात २७ ते ३६ आठवड्यांदरम्यान एक मात्रा देण्याची शिफारस आहे. प्रत्येक वेळी नवी मात्रा द्यावी लागते. कारण मातेची प्रतिपिंडे झपाट्याने घटतात व पहिल्या मुलाच्या वेळची मात्रा दुसऱ्यास पुरत नाही.

स्तनदा मातांचे लसीकरण : स्तनपान चालू असताना बहुतेक सर्व लशी निर्धोकपणे देता येतात. निष्क्रिय लशींतील घटकांची शरीरात वाढ होत नसल्याने त्या दुधावाटे मुलास बाधक होण्याचा प्रश्न उद्भवत नाही. जर्मन गोवराच्या जिवंत लशीतील व्हायरस मातेच्या दुधात सापडतो, असे १९८० नंतरच्या दशकातील अभ्यासांत दिसले. पण मुलास त्यामुळे बहुधा काहीच त्रास होत नाही. म्हणूनच प्रतिरक्षा नसलेल्या स्त्रीस प्रसूतीनंतर रुग्णालयातून जाण्यापूर्वी ही लस देण्याची पद्धत अनेक देशांत रूढ आहे. यास ठळक अपवाद पीतज्वराच्या लशीचा आहे. २००९ मध्ये ब्राझीलच्या रिओ ग्रांदे दो सूल या राज्यात प्रसूतीनंतर १५ दिवसांनी ही लस घेतलेल्या एका मातेच्या तान्ह्या मुलास मेंदूचा शोथ झाला व त्याच्या शरीरात लशीतीलच व्हायरस सापडला. मूल बरे झाले. तेव्हापासून नऊ महिन्यांखालील मुलास अंगावर पाजणाऱ्या स्त्रीस, साथीच्या प्रदेशात जाणे अटळ असल्याखेरीज, ही लस देत नाहीत. कुत्रे चावल्यानंतर द्यावयाची अलर्क रोगाची आधुनिक लस मात्र गर्भारपणात वा स्तनपानाच्या काळात कधीही रोखून धरू नये. हा रोग निश्चित प्राणघातक असल्याने तेथे दुसरा विचार संभवत नाही.

चाचण्यांतून वगळणुकीचा प्रश्न : थॅलिडोमाइडच्या दुर्घटनेनंतर औषधांच्या चाचण्यांतून गर्भिणींना दूर ठेवण्याचा प्रघात पडला. अमेरिकेत तर १९७७ ते १९९३ या काळात प्रजननक्षम स्त्रियांनाच प्रारंभिक चाचण्यांतून वगळण्याची मार्गदर्शक सूचना होती. ही दक्षता सद्‌हेतूने घेतली गेली, तरी तिचा परिणाम उलटा झाला. चाचणीत गर्भिणी नाहीत म्हणून लशीच्या सुरक्षिततेची माहिती नाही आणि माहिती नाही म्हणून साथीच्या वेळी लस नाही, अशी कोंडी निर्माण झाली. काँगो लोकशाही प्रजासत्ताकातील २०१८–२० च्या एबोला साथीत प्रारंभी गर्भिणी व स्तनदा स्त्रियांना लस नाकारण्यात आली. या रोगात गर्भ जवळजवळ कधीच वाचत नसताना केवळ गर्भाच्या काळजीपोटी मातेस असुरक्षित ठेवणे असमर्थनीय आहे, अशी टीका झाल्यावर २०१९ मध्ये हे धोरण बदलण्यात आले. याउलट आफ्रिकेत २०१० पासून मस्तिष्कावरणशोथावरील लशीच्या मोहिमांत गर्भिणींनाही सामावून घेण्यात आले. ही लस पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होई व तिच्यात वाहक म्हणून धनुर्वात विषाभच वापरलेले होते. तिच्यामुळे गर्भास अपाय झाल्याचे आढळले नाही.

कोव्हिड–१९ च्या साथीत हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. लशींच्या प्रारंभिक चाचण्यांत गर्भिणी नव्हत्या. भारतात १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले, तेव्हा गर्भिणी व स्तनदा या दोघींनाही त्यातून वगळण्यात आले होते. दुसऱ्या लाटेत त्यांची हानी मोठी झाली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने जून २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, १,५३० गर्भिणी व बाळंतिणींच्या निरीक्षणात मृत्यूचे प्रमाण पहिल्या लाटेतील ०.७ टक्क्यांवरून दुसऱ्या लाटेत ५.७ टक्क्यांवर गेल्याचे नमूद आहे. स्तनदा मातांना १९ मे २०२१ रोजी व गर्भिणींना २ जुलै २०२१ रोजी लस घेण्यास शासनाने संमती दिली. तोवर ती लाट ओसरत आली होती. अमेरिकेत त्याच सुमारास लस घेतलेल्या पस्तीस हजारांवर गर्भिणींच्या नोंदी अभ्यासण्यात आल्या व त्यांत सुरक्षिततेविषयी चिंता करण्याजोगे काही आढळले नाही.

अलीकडील प्रगती : अर्भकांच्या श्वसनमार्गास होणाऱ्या संसर्गांत श्वसन सिन्सिशियल व्हायरस हा प्रमुख होय. १९६० नंतरच्या दशकात त्यावरील निष्क्रिय लस अर्भकांनाच टोचण्यात आली असता आजार उलट बळावला व दोन मुले दगावली. यानंतर हे संशोधन दीर्घकाळ खुंटले. व्हायरसाच्या पृष्ठभागावरील प्रथिनाची पेशीत शिरण्यापूर्वीची रचना २०१३ मध्ये उलगडल्यावर नवी लस तयार झाली आणि ती मुलाऐवजी मातेस देण्याचा मार्ग निवडण्यात आला. ऑगस्ट २०२३ मध्ये अमेरिकेत ३२ ते ३६ आठवड्यांच्या गर्भिणींसाठी अशा लशीस मान्यता मिळाली. तीव्र आजाराविरुद्ध पहिल्या तीन महिन्यांत तिची परिणामकारकता ८० टक्क्यांहून अधिक आढळली. याच प्रकारच्या दुसऱ्या एका लशीची चाचणी मात्र २०२२ मध्ये थांबविण्यात आली होती. कारण लस घेतलेल्या मातांत मुदतपूर्व प्रसूतींचे प्रमाण अधिक दिसले. गर्भिणींना चाचणीत सामावून घेतल्यानेच हा धोका वेळीच उमगला व लस सरसकट वापरात येण्यापूर्वी टाळता आला.

सामान्यतः आज पाळला जाणारा नियम असा : निष्क्रिय लशी व विषाभे गर्भारपणात गरजेनुसार द्यावीत, जिवंत लशी टाळाव्यात, रोगाचा धोका लशीच्या संभाव्य धोक्याहून मोठा असेल, तर वैद्यकीय सल्ल्याने अपवाद करावा, आणि स्तनपान हे, पीतज्वराच्या लशीसारखे थोडे अपवाद वगळता, लसीकरणास अडथळा समजू नये. लस केव्हा द्यावी, यासही महत्त्व आहे. लस घेतल्यापासून मातेच्या रक्तात पुरेशी प्रतिपिंडे तयार होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. त्यामुळे शेवटच्या महिन्यापूर्वी लस घेतली गेल्यास वारेतून जाणारी देणगी सर्वाधिक असते. प्रसूतीपूर्व तपासणीस नियमितपणे न येणाऱ्या स्त्रिया आणि त्यांची मुदतपूर्व जन्मणारी मुले या देणगीपासून आजही वंचित राहतात.